भाज्याचा धबधबा

सहल म्हटली कीं आपल्या डोळ्यांपुढें लांबचा प्रवास, मोठा खर्च व आठ दिवसांची सुटी उभी राहते. परंतु पहाटे निघून दुपारच्या जेवणास घरीं परत येतां येईल, इतक्या थोड्या अंतरावर सुद्धां पाहण्यासारखें व शिकण्यासारखें पुष्कळ असतें. गेल्या जुलै महिन्यांतील एका शनिवारीं आम्ही अठरा विद्यार्थी व आम्हांस भूगोल शिकविणारे सर असे मिळून मळवलीजवळील भाज्याचा धबधबा पाहून आलों. त्या सकाळीं आम्हीं काय पाहिलें, पाणी व खडक यांच्या त्या झगड्याचें कारण आम्हांस काय समजलें, आणि एक प्रसंग कसा थोडक्यांत निभावला, हें आमच्या वाचकांस सांगावें, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पुण्याहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या पहाटेच्या लोकलनें आम्ही निघालों. मळवली हें कामशेत व लोणावळें यांच्या मधलें लहानसें स्टेशन आहे. गाडींतून उतरलों तेव्हां पाऊस थांबला होता, पण झाडांवरून पाणी ठिबकत होतें. स्टेशनाच्या एका अंगास, इंद्रायणीपलीकडे, कार्ल्याचा डोंगर. दुसऱ्या अंगास विसापूर व लोहगड हे जुळे दुर्ग. यांपैकीं लोहगडाचा समावेश २०२५ सालीं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादींत, मराठ्यांच्या बारा किल्ल्यांत, झाला आहे. आम्हांस मात्र गड चढावयाचा नव्हता. विसापूरच्या पायथ्याशीं भाजें नांवाचें खेडें आहे, तेथपर्यंतच आमची मजल होती.

स्टेशनापासून अर्ध्या तासाची वाट. प्रथम मुंबई-पुणें द्रुतगति मार्गावरील पूल लागतो. पुलाखालून मोटारींचा एकसारखा लोंढा धांवत होता. पण पूल ओलांडून थोडें पुढें गेलों, तों तो आवाज मागें पडला व बेडकांचा आवाज कानीं येऊं लागला. दोन्ही बाजूंस भाताचीं खाचरें पाण्यानें तुडुंब भरलेलीं होतीं व बायामाणसें कमरेंत वांकून लावणी करीत होतीं. ‘इंद्रायणी’ म्हणून जो सुवासिक तांदूळ आपण बाजारांतून आणतों, त्याचें वाण याच तालुक्यांतील वडगांवच्या भात संशोधन केंद्रांत तयार झालें, असें सरांनीं सांगितलें. ताटांतील भाताचा व या चिखलाचा इतका जवळचा संबंध असेल, हें आमच्यापैकीं पुष्कळांच्या ध्यानांत पूर्वीं आलें नव्हतें.

एका बांधावर एक वृद्ध शेतकरी उभे होते. आमची रांग पाहून त्यांनीं विचारलें, “कुठली म्हणायची पोरं, गुरुजी?” सरांनीं सांगितलें. बाबांनीं एकवार विसापूरच्या माथ्याकडे पाहिलें व ते म्हणाले, “पाण्याला निघालाय तर जावा. पर गडाकडं नजर ठेवा. हितं ऊन का पडंना, वर काळं झालं की पोरं माघारी फिरवा.” आम्हीं “बरं बाबा” म्हटलें व पुढें चाललों. खरें सांगावयाचें तर त्यांचें बोलणें आम्हीं फारसें मनावर घेतलें नाहीं. कारण त्या वेळीं आकाश निवळलें होतें.

गांवाच्या वरच्या अंगास डोंगराच्या कुशींत भाज्याचीं लेणीं आहेत. पायऱ्या चढून, तिकिटें काढून आम्ही तेथें पोंचलों. हीं लेणीं बौद्ध धर्माच्या प्राचीन काळचीं असून इसवी सनापूर्वींच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास त्यांचें खोदकाम सुरू झालें, असें विद्वान् मानतात. लहान-मोठीं मिळून बावीस लेणीं आहेत. मधल्या भव्य चैत्यगृहाची घोड्याच्या नालासारखी कमान दुरूनच दिसते, व त्याच्या छताला लांकडी फांसळ्या आहेत. पुढें एके ठिकाणीं दगडाचे चौदा स्तूप ओळीनें मांडल्यासारखे उभे आहेत. या सर्वांच्या शेवटीं, जेथें लेणीं संपतात तेथें, वरच्या कड्यावरून पाणी खालीं पडतें. त्याचा आवाज आम्हांस पायऱ्यांवरच ऐकूं आला होता. आतां त्याचे तुषारहि अंगावर येऊं लागले.

पांढऱ्या पाण्याचा तो पट्टा काळ्या कड्यावरून उतरतांना पाहून आम्ही कांहीं वेळ बोललोंच नाहीं. पाणी एकदम खालीं येत नव्हतें. एका टप्प्यावर आपटून, फुटून, पुन्हां दुसऱ्या टप्प्यावर उडी घेत होतें. सरांनीं विचारलें, “पाणी पायऱ्या उतरल्यासारखें कां पडतें, सांगा पाहूं.” कोणास नीट सांगतां येईना. तेव्हां त्यांनीं आम्हांस धबधबा सोडून त्याच्या बाजूचा कडा पाहावयास सांगितलें.

त्या कड्यावर आडवे पट्टे स्पष्ट दिसत होते. सह्याद्रीचा हा सर्व भाग बेसाल्ट नांवाच्या काळ्या खडकाचा आहे. सुमारें साडेसहा कोटी वर्षांपूर्वीं भूगर्भांतून तप्त शिलारस वर येऊन मोठमोठ्या प्रदेशावर पसरला, थंड झाला, व त्यावर पुन्हां नवा रस आला. असें पुनः पुनः घडून थरावर थर चढले. आज या खडकानें व्यापलेला प्रदेश सुमारें पांच लक्ष चौरस किलोमीटर आहे. भूशास्त्रज्ञ यास ‘डेक्कन ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द स्वीडिश भाषेंतील पायरी या अर्थाच्या शब्दावरून आला आहे. ज्यांनीं हें नांव दिलें त्यांच्याहि दृष्टीस प्रथम पायऱ्याच पडल्या असाव्यात.

आतां हे सर्व थर सारखे कठीण नाहींत. प्रत्येक थराचा मधला व खालचा भाग बहुधा घट्ट असतो. वरच्या भागांत मात्र शिलारसांतून निघालेल्या वायूचे बुडबुडे अडकून राहिल्यामुळें असंख्य छिद्रें असतात, व तो भाग लवकर झिजतो. दोन थरांच्या मधें कोठें कोठें तांबड्या मातीचा पातळ पट्टाहि सांपडतो. तो तर फारच मऊ. पाणी घट्ट खडकावरून सरळ खालीं पडतें व पायथ्याचा मऊ भाग पोखरून काढतें. खालून आधार गेला, कीं वरचा घट्ट खडक आपल्या भेगांवरून तुटून खालीं कोसळतो. याप्रमाणें कडा उभाच राहतो, परंतु कणाकणानें मागें सरतो. धबधब्याखालीं जे मोठमोठे दगड पडलेले दिसतात, ते याच क्रियेचे साक्षीदार होत. धबधबा ही स्थिर वस्तु नसून डोंगर कापण्याचें एक चालू काम आहे, ही गोष्ट आम्हांस त्या दिवशीं प्रथम नीट समजली.

पाणी इतकें येतें कोठून, हा दुसरा प्रश्न. पावसाळ्यांत अरबी समुद्रावरून येणारे बाष्पानें भरलेले वारे सह्याद्रीच्या भिंतीवर आदळतात व वर चढूं लागतात. वर जावें तशी हवा थंड होते. थंड हवेंत बाष्प मावत नाहीं व त्याचा पाऊस पडतो. घाटमाथा ओलांडून वारे पूर्वेकडे उतरले, कीं त्यांतील पाणी पुष्कळसें संपलेलें असतें. म्हणूनच लोणावळ्यास वर्षास सरासरीनें चार हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो, आणि तेथून रेल्वेनें अवघ्या ६४ किलोमीटरांवर असलेल्या पुण्यास सातशें मिलिमीटरांच्या आसपासच पडतो. आम्ही तासा-दीड तासाच्या प्रवासांत कोरड्या प्रदेशांतून ओल्या प्रदेशांत आलों होतों.

एवढें ऐकून झाल्यावर, आम्हीं ज्याची वाट पाहत होतों तें मागितलें; म्हणजे पाण्यांत जाण्याची परवानगी. सरांनीं काठाशीं, घोट्याएवढ्या पाण्यांत, पाय बुडवूं दिले; परंतु पडत्या पाण्याखालीं उभें राहण्यास साफ मनाई केली. कारण विचारतां त्यांनीं एक हिशेब सांगितला. वीस मीटर उंचीवरून सुटलेला दगड दोन सेकंदांत खालीं येतो व त्या वेळीं त्याचा वेग ताशीं सत्तर किलोमीटरांच्या घरांत असतो. लिंबाएवढा दगड सुद्धां त्या वेगानें डोक्यावर आला तर काय होईल, हें निराळें सांगावयास नको. पाण्याबरोबर असे दगड केव्हां सुटतील याचा नेम नसतो.

आमच्यापैकीं तिघे तेवढ्यांत ओढ्यांतील दगडांवरून उड्या मारीत पलीकडच्या काठावर गेले व तेथील एका रुंद खडकावर डबे उघडून बसले. ओढा तेथें चार-पांच हात रुंद होता व पाणी इतकें नितळ कीं तळचे खडे मोजावेत. कोठें तरी झाडींत कस्तुर पक्षी माणसासारखी शीळ घालीत होता. सर्व कांहीं सुखाचें होतें. इतक्यांत सरांनीं वर पाहिलें, व त्यांचा चेहरा बदलला. विसापूरचा माथा दिसेनासा झाला होता. आमच्या अंगावर ऊन होतें, पण वर काळा ढग गडावर टेकला होता.

सरांनीं मोठ्यानें हांक मारून सर्वांस पाण्याबाहेर बोलाविलें. पलीकडचे तिघे नाखुषीनें उठले. एकजण म्हणाला, “सर, डबा तरी संपवूं द्या, पांच मिनिटं!” सर एवढेंच म्हणाले, “पांच मिनिटंसुद्धां नाहींत. आधीं इकडे या.” ते आले. आम्ही सर्व वर चढून शेवटच्या विहारांत जाऊन बसलों. खरें सांगावयाचें तर आम्ही सर्वच मनांतून नाराज होतों. आपल्या सहलीचा रंग उगीच बिघडविला, असेंच आम्हांस वाटत होतें, व कांहींजण तसें पुटपुटलेहि.

दहा मिनिटें गेलीं असतील, नसतील. प्रथम धबधब्याचा आवाज बदलला. तो जड झाला. मग पांढरें पाणी चहासारखें गढूळ झालें व त्यांतून काटक्या आणि पालापाचोळा येऊं लागला. पाहतां पाहतां ओढ्यांतील ते पाय ठेवण्याचे दगड नाहींसे झाले. ज्या रुंद खडकावर आमचे तिघे सोबती बसले होते, त्यावरून लालसर पाण्याचा लोट जाऊं लागला. आमच्या डोक्यावर पावसाचा थेंबहि अजून पडला नव्हता. कोणी कांहीं बोललें नाहीं. त्या तिघांपैकीं एकानें हातांतला डबा खालीं ठेवला व तो पुन्हां उघडला नाहीं.

विहारांत बसल्या बसल्या सरांनीं आमच्याकडून वहींत गणित करून घेतलें. एक मिलिमीटर पाऊस एक चौरस मीटर जागेवर पडला तर एक लिटर पाणी होतें. मग एक चौरस किलोमीटर पठारावर दहा लक्ष लिटर होईल. समजा, धबधब्याच्या वरचें पठार एक चौरस किलोमीटर आहे व त्यावर अर्ध्या तासांत तीस मिलिमीटर पाऊस पडला. तर तीन कोटि लिटर पाणी झालें. खडक पावसानें आधींच भिजून तृप्त झालेला; पाणी जिरावयास माती थोडी; उतार तीव्र. त्यांतील निम्मेंच पाणी त्या अर्ध्या तासांत ओढ्यास मिळालें असें धरलें, तरी दर सेकंदास आठ हजार लिटरांहून अधिक पाणी त्या चार-पांच हात वाटेनें जावयास पाहील. वाहत्या पाण्याचा जोर त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो. वेग दुप्पट तर जोर चौपट. म्हणून गुडघ्याएवढें वेगवान् पाणी धडधाकट माणसासहि उभें राहूं देत नाहीं. पोहतां येणें हा येथें उपाय नाहीं; कारण ओढ्यांत पोहावयास जागा नसते, आपटावयास मात्र दगड असतात.

हें केवळ वहींतलें गणित नव्हे. ३० जून २०२४ रोजीं, येथून जवळच, लोणावळ्यास भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यांत एकाच कुटुंबांतील पांच जण अचानक वाढलेल्या पाण्यानें वाहून गेले. त्यांत लहान मुलें होतीं. तीं माणसें कांहीं वेडें साहस करावयास गेलीं नव्हतीं. आमच्यासारखींच रविवारची मौज करावयास गेलीं होतीं. एकमेकांस धरून तीं पाण्याच्या मधोमध उभीं होतीं, व काठावरच्या लोकांस कांहीं करितां आलें नाहीं. त्यानंतर जिल्हा प्रशासनानें पावसाळी स्थळांवर निर्बंध घातले. ही बातमी आम्हीं त्या वेळीं वाचली होती व विसरलोंहि होतों. त्या विहारांत बसून ती पुन्हां आठवली, आणि या खेपेस ती विसरली जाणार नाहीं.

जे वाचक पुढील पावसाळ्यांत अशा ठिकाणीं जातील, त्यांच्यासाठीं आम्ही शिकलों तें थोडक्यांत लिहितों. ओढ्यापाशीं उभें असतां आपल्या डोक्यावरचें आकाश न पाहतां डोंगराच्या माथ्यावरचें आकाश पाहावें; कारण पाणी तेथून येतें. पाणी गढूळ होऊं लागलें, त्यांतून पाला-काटक्या येऊं लागल्या, किंवा आवाज जड झाला, तर सामान गोळा करीत न बसतां तत्काळ उंच जागीं जावें. ओढ्याच्या ज्या काठानें परतावयाचें त्याच काठावर बसावें. पडत्या पाण्याखालीं व कड्याच्या कडेशीं उभें राहूं नये. शेवाळलेल्या खडकावर पाय ठेवण्यापूर्वीं दोनदां विचार करावा. आणि त्या गांवचा माणूस कांहीं सांगेल तें ऐकावें. आमच्या सरांजवळ पुस्तकांतलें ज्ञान होतें; परंतु गडाकडे नजर ठेवण्याची आठवण त्यांस बांधावरच्या बाबांनींच दिली होती, असें त्यांनीं स्वतः आम्हांस सांगितलें.

पाऊस आमच्यापर्यंत आला व तासभर कोसळला. त्या वेळांत त्या विहाराकडे आमचें प्रथमच नीट लक्ष गेलें. भिंतीवर कोरलेलीं चित्रें आहेत, खोदलेल्या खोल्या आहेत, बसावयास दगडी ओटे आहेत. बौद्ध भिक्षु वर्षभर फिरत असत. पण पावसाळ्यांत एके ठिकाणीं राहावें असा त्यांचा नियम होता, व त्यास वर्षावास म्हणत. म्हणजे ज्या कामासाठीं हीं लेणीं खोदलीं गेलीं, त्याच कामीं तीं दोन हजार वर्षांनंतर आमच्या उपयोगीं पडलीं होतीं! लेण्यांजवळ खडकांत खोदलेलीं पाण्याचीं टाकींहि आहेत. त्यांपैकीं एक टाकें विण्हुदत्त नांवाच्या एका महारठीनें दान दिल्याचा लेख तेथें कोरलेला आहे. चार महिने जो डोंगर पाण्यानें गर्जत असतो, तोच उन्हाळ्यांत ठणठणीत कोरडा पडतो. म्हणून पावसाचें पाणी साठविणें हें त्या काळींहि पुण्यकर्म गणलें जात असे. धबधबा पाहून टाळ्या पिटणें सोपें; पण तें पाणी वैशाखापर्यंत पुरविण्याची काळजी करणारीं माणसें अधिक शहाणीं म्हटलीं पाहिजेत.

पाऊस ओसरल्यावर आम्ही काळजीपूर्वक पायऱ्या उतरलों. वाटेंत सरांनीं विचारलें, “हें पाणी आतां कोठें जाईल?” एकानें उत्तर दिलें, “समुद्राला. अरबी समुद्र जवळच आहे.” तें उत्तर चुकीचें होतें, व त्याचें कारण मोठें मौजेचें आहे. अरबी समुद्र तेथून शंभर किलोमीटरांच्या आंत आहे खरा. परंतु भाजें हें घाटमाथ्याच्या पूर्व उतारावर आहे. खंडाळ्याच्या पश्चिमेस पडलेला थेंब उल्हास नदीनें लवकरच अरबी समुद्रास मिळतो. भाज्याचा थेंब मात्र इंद्रायणींत जातो. देहू व आळंदी यांवरून वाहत तुळापुराजवळ भीमेस मिळतो. उजनीचें धरण पाहून पंढरपुरास चंद्रभागा या नांवानें वळसा घेतो. पुढें कर्नाटकांत रायचुराजवळ कृष्णेस मिळून आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरांत पोंचतो. डोंगराच्या कोणत्या अंगास पडलों, एवढ्या एका गोष्टीवर थेंबाचा सारा प्रवास अवलंबून असतो.

गांवाजवळ ते वृद्ध शेतकरी पुन्हां भेटले. ते अजून शेतांतच होते. सरांनीं झालेला प्रकार सांगून त्यांस नमस्कार केला. बाबांनीं आमच्याकडे पाहून मनांतल्या मनांत मोजल्यासारखें केलें व विचारलें, “समदी हायती न्हवं?” सर म्हणाले, “सगळे आहेत.” “मग झालं,” असें म्हणून ते पुन्हां रोपांकडे वळले.

दुपारच्या गाडीनें आम्ही पुण्यास परतलों. सकाळीं निघतांना धबधब्याखालीं भिजण्याची हौस घेऊन गेलों होतों. ती पुरी झाली नाहीं. परंतु खडकाच्या थरांचें, ढगांच्या वाटेचें व पाण्याच्या जोराचें जें ज्ञान त्या चार तासांत मिळालें, तें पुस्तक वाचून मिळालें नसतें. आणि आम्ही अठराजण व सर, जितके गेलों होतों तितकेच परत आलों. हा हिशेब बरोबर जुळणें, हीच कोणत्याहि सहलीची पहिली शोभा होय, असें आतां आम्हांस वाटतें.